पाण्याचा नेम

त्या चातुर्मासात बोरगावच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, धनपाल मगदूम उठून उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं नेम घेतला. आजपासून दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घालणार नाही. जिवात जीव असेतो.

आता रात्री न जेवणं हे जैनाच्या घरात काही नवल नव्हे. उजेड आहे तोवर पोरंसोरंसुद्धा भाकरी खाऊन मोकळी होतात. पण पाणी सोडायचं म्हणजे थट्टा नाही. तंबाखूच्या रानात दिवसभर राबलेल्या माणसाचा घसा कसा होतो ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यात धनपाल म्हणजे तांब्या तोंडाला लावला की तळ दिसल्याशिवाय खाली न ठेवणारा गडी. म्हणून बस्तीचे पुजारी उपाध्ये, त्यांनीही पुन्हा विचारलं, "धनपाला, इचार केलायस न्हवं?"

"केलाय," धनपाल खाली बघून म्हणाला.

बायकांच्या बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोचा, राजमतीचा, ऊर भरून आला. तिरसट, कमी बोलणारा, हिशेबाला पक्का असा तिचा नवरा. त्याच्यासाठी चारचौघांत माना डोलल्या असं आजवर कधी घडलं नव्हतं. ती तशीच उठली, हात जोडले आणि म्हणाली, "मलाबी द्या नेम." नवरा तहानेनं पडून राहणार आणि आपण शेजारी घटाघटा पाणी पिणार, हे तिच्या जिवाला पटेना. धनपालनं झटकन मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात धास्ती होती. राजमतीला मात्र त्या दिवशी त्यात कौतुकच दिसलं.

खरं काय ते इथंच सांगून टाकावं. धनपालनं पाणी सोडलं ते धर्मासाठी नव्हे, लघवीच्या भयानं. रात्रीत पाच-सहा वेळा, बायकोला जाग येऊ न देता, उठावं लागत होतं, परसात जाऊन भिंतीशी उभं राहावं लागत होतं, आणि उभं राहून पदरात काय, तर चार थेंब. पाणीच प्यायलं नाही तर उठायला नको, असा त्या बापड्याचा साधा हिशेब. हा हिशेब त्याच्या बायकोला कळायला तीन पावसाळे जावे लागले.

कळणार तरी कसा? त्याच्या प्रत्येक गोष्टीला गावानं पुण्याचं नाव दिलं. धनपाल पहाटे आपलं धोतर आपणच धुऊन वाळत घालू लागला, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. गाव म्हणालं, बघा, केवढं सोवळं. गादी सोडून तो सोप्यात फळीवर एकटा निजू लागला. गाव म्हणालं, शय्या सोडली. लग्नाकार्याला, पाव्हण्याच्या गावाला जाणं त्यानं बंद केलं, तर म्हणे संसारातनं मन उडालं. पुढं पुढं अंग वाळत चाललं, गालफडं बसली, कंबर धरून उठू लागला. त्याला तर लोक तपाचं तेज म्हणायला लागले. राजमतीही म्हणत होती. निपाणीच्या बाजारात कुणी पाया पडायला वाकलं की धनपाल पाय मागं घ्यायचा आणि राजमती पदर सावरून आणखी ताठ चालायची.

तिच्या तहानेचं मात्र कुणाला काय पडलं होतं? उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची. कोपऱ्यात तांब्याचा हंडा, त्यावर स्वच्छ गाळणं बांधलेलं, आणि तिनं त्याच्याकडे पाठ करून निजायचं. सकाळी पहिला घोट घेताना तिला वाटायचं, आपण दोघं मिळून काहीतरी कमावतोय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यात दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम होतं, आणि त्याचा तिला खरोखर आनंद होता.

तिसऱ्या वर्षीच्या चातुर्मासात धनपालचा धाकटा भाऊ आण्णाप्पा, भिंतीला भिंत लागून राहणारा, त्यानंही बस्तीत उभं राहून तोच नेम घेतला. "दादाच्या मागनं जायचं," म्हणाला. गावानं त्यालाही उचलून धरलं. मगदुमांचं घराणंच पुण्यवान, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

पुढं तंबाखूची पानं वाळायला पडली त्या दिवसांत, एका सकाळी धनपालला लघवीच होईना. दुपारपर्यंत ओटीपोट टम्म झालं. संध्याकाळी तो फळीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि दातांत उपरणं धरून राहिला. मुलगा पद्मराज निपाणीचे वैद्य घेऊन आला. वैद्यांनी पोट चाचपलं आणि सांगितलं, मूतखडा आहे, गोखरूचा काढा द्या आणि दिवसा पाणी भरपूर पाजा. दुसऱ्या दिवशी राजमतीनं उजेड असेतो पाजलं. वरून भरत गेलं आणि खालची वाट बंदच. धनपाल गुरासारखा ओरडायला लागला तसा पद्मराजनं गाडी जुंपली, बापाला निपाणीला नेलं आणि बेळगावच्या सर्व्हिस मोटारीत घातलं. राजमती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला धनपाल तिचं मनगट असं आवळायचा की बांगडी आत रुतायची.

बेळगावात कॅम्पात डॉक्टर हंचिनाळांचा दवाखाना होता. डॉक्टर कानडी, पण मराठी बरी बोलायचे. त्यांनी आधी काही विचारलं नाही. रबराची बारीक नळी आत सरकवली, दोनदा अडली, तिसऱ्यांदा गेली, आणि खालचं भांडं लालसर पाण्यानं भरत गेलं. धनपालचा चेहरा सैल पडला. लग्नापासून राजमतीनं त्याला रडताना बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं.

मग डॉक्टर स्टूल ओढून बसले. "हे किती दिवसांचं?"

"दोन दिस," धनपाल म्हणाला.

"त्याच्या आधी काही त्रास?"

"काय न्हाई."

"रात्री लघवीला किती वेळा उठत होता?"

धनपालनं पांघरूण वर ओढलं. तेव्हा राजमतीच बोलली, आणि चांगलं मान वर करून बोलली, "उठतच न्हवते, डागदरसाब. त्येंचा नेम हाय. दिस मावळला की पाणी न्हाई. तीन वर्सं झाली, एक दिस चुकला न्हाई."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आणि नेम घ्यायच्या आधी?"

बोरगावात तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. धनपालनं तोंड भिंतीकडे केलं. "आधी... लई डाव उठत हुतो. धार लागत न्हवती. धोतर वलं हुयाचं, अजूनबी हुतंय."

राजमती जागच्या जागी बसून राहिली. पहाटेचं ते धोतर, ती फळी, ती चुकवलेली लग्नं, एकेक गोष्ट उलटी होऊन तिच्यासमोर आली. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो असा आला की कानशिलं तापली. आपण या माणसाच्या तपाला साथ दिली असं समजत होतो, आणि हा धोतर लपवत होता.

डॉक्टरांनी मग दोघांना समजावून सांगितलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, अक्रोडाएवढी, देवानं सगळ्यांना दिलेली. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. साठीच्या आसपास ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. ती मळलेल्या पिठासारखी मऊ लागली तर भिण्याचं कारण नाही, कापून काढता येते, माणूस पुढं वर्षानुवर्षं जगतो. पण ती गारगोटीसारखी टणक लागली तर गोष्ट वेगळी. "आणि हे वरून पोट दाबून कळत नाही. रक्तात दिसत नाही, नाडीत दिसत नाही. मागच्या वाटेनं बोट घालून बघावं लागतं. बोटालाच कळतं."

"तसलं काय नगं," धनपाल तडक म्हणाला.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मी देवाच्या अभिषेकाला उभा ऱ्हातो, डागदर. मला जाऊ द्या घरला. नळीनं मोकळं झालंय की आता."

पद्मराज मान खाली घालून उभा होता. बापाला काय सांगणार तो? राजमती उठली आणि खाटेजवळ गेली. नवऱ्याच्या तोंडावर बोलायची तिला सवय नव्हती, पण आज सवयीचं कुणी विचारत नव्हतं.

"तीन वर्सं मी घसा वाळीवलाय तुमच्यासंगं," ती म्हणाली. "एक सबूद बोलला न्हाईसा. आता डागदर म्हणतील तसं कुशीवर व्हायचं. न्हाईतर मी हितनं उठणार न्हाई, आन गावात जाऊन समद्यास्नी सांगणार."

धनपालनं डोळे मिटले आणि भिंतीकडे कूस केली.

राजमती बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. बाकावर दुसरी माणसं होती, कुणी खोकत होतं, कुणाचं पोर रडत होतं. ती णमोकार मंत्र म्हणू लागली आणि मध्येच विसरली, असं तिचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मऊ असू दे, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. मळलेल्या पिठासारखी मऊ असू दे. पीठ कसं लागतं हे तिच्या बोटांना रोजचं ठाऊक होतं, आणि ती मांडीवर पदराचा गोळा करून तो नकळत दाबत बसली होती.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांनी पद्मराजला बाजूला घ्यायला सुरुवात केली तशी राजमती म्हणाली, "मला सांगा. मीच हितं बसलीया."

"टणक आहे," डॉक्टर म्हणाले. "एका बाजूला गाठीच गाठी, आणि जागची हलत नाही. याला कॅन्सर म्हणतात. आत कंबर दुखते म्हणाले, तिथला हाडांचा फोटो काढून घेऊ."

फोटो मोठ्या दवाखान्यात काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती काळी काच खिडकीच्या उजेडात धरली. कमरेची हाडं राखाडी दिसत होती आणि त्यांवर पांढरे डाग, चुना उडाल्यासारखे. दुखणं हाडात उतरलं होतं, कापण्याची वेळ गेली होती. ओटीपोटात लहानसं भोक पाडून तिथून नळी बसवून देतो, म्हणजे तुंबणार नाही. कळा सोसायला गोळ्या देतो. याहून पुढं औषध नाही, असं त्यांनी न फिरवता सांगितलं.

"तीन वर्सांमागं आलो असतो तर?" राजमतीनं विचारलं.

डॉक्टरांनी काच मेजावर ठेवली. "तेव्हा बोट लावलं असतं तर बहुतेक कळलं असतं. वाचले असते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण कळलं असतं. एक लक्षात ठेवा, नळी आहे तोवर पाणी भरपूर प्यायला हवं. दिवसा आणि रात्रीही. नाहीतर रक्त साकळून नळी बंद होईल आणि मग हाल होतील."

दुपारी ती खाटेशी बसली असताना धनपाल आपणहून बोलला. "तू इचारशील म्हणून वाट बघत हुतो."

"काय इचारू? मला का सांगिटला न्हाईसा?"

"सांगणार हुतो. त्याच दिवशी, बस्तीतनं आल्यावर. नेम घेतला, आता रात्रीचं उठणं थांबतंय का बघू, न्हाईतर बेळगावला जाऊ, असं तुला सांगणार हुतो." तो दम घेऊन थांबला. "तर तूच उठून उभी ऱ्हायलीस. तूबी पाणी सोडलंस. मग कुठल्या तोंडानं सांगू, की ह्यो धर्म न्हवं, मुताचं दुखणं हाय म्हणून? आन दुसऱ्या दिसापास्नं लोक पाया पडाय लागले."

राजमतीचा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा हेच तिला कळेना. त्या दिवशी बस्तीत आपण गप्प बसलो असतो तर, हा विचार तिच्या मनात शिरला आणि बसला तो बसलाच.

गावाकडे येताना मोटारीत पद्मराज हळूच म्हणाला, "आई, गावात मूतखडा म्हणून सांगायचं. बाबांची अब्रू हाय. आता शेवटाला कशाला?" तिनं मान डोलावली.

गावानं तर मूतखडासुद्धा मनावर घेतला नाही. धनपाल आता शेवटच्या वाटेला लागला आहे, एवढंच लोकांना दिसत होतं, आणि पुण्यवान माणसाचं मरण बघायला माणसं संध्याकाळी सोप्यात येऊन बसू लागली. भजन म्हणू लागली. उपाध्ये समंजस माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजाऱ्याला सूट असती, धनपाला. रातचं पाणी घे. प्रायश्चित्ताचं मी बघतो." सोप्यातली सगळी माणसं ऐकत होती. धनपालनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नगं. नेम म्हंजे नेम." त्या एका वाक्यानं त्याचं नाव चिकोडीपर्यंत गेलं.

आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. सकाळपर्यंत नळीत रक्ताच्या गुठळ्या साकळायच्या, नळीखालची बाटली कोरडी राहायची, पोट फुगायचं. पद्मराज पिचकारीनं नळी मोकळी करायचा तेव्हा धनपालचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. ओठ फुटून रक्त येत होतं. राजमती रोज संध्याकाळी तांब्या घेऊन जायची, आणि रोज तो सोप्यातल्या माणसांकडे डोळ्यांनी खूण करायचा. ही माणसं आहेत. आणि तांब्या परत यायचा.

एके दिवशी दिवेलागण झाली, सोपा भरला होता. भिंतीशी टेकून आण्णाप्पा बसला होता, भजनात सगळ्यांहून मोठा आवाज त्याचा. राजमती तांब्या घेऊन बाहेर आली. धनपालची जीभ बाहेर येऊन ओठांवरून फिरली, कोरडीच. त्यानं तांब्याकडे बघितलं, मग माणसांकडे बघितलं आणि मान हलवली.

"दादा न्हाई पिणार, वैनी," आण्णाप्पा म्हणाला. "शेवटाला त्येला मोडाय लावू नगंस."

राजमती तिथंच उभी राहिली. तिनं तांब्या आपल्या तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत पाणी प्यायली. तीन वर्षांत पहिल्यांदा, दिवा लागल्यावर. भजन थांबलं.

"ह्येंचा नेम न्हवता," ती म्हणाली. "लघवी हुईत न्हवती म्हणून ह्येंनी पाणी सोडलं. धोतर भिजायचं म्हणून सोवळं पाळलं. त्येला आपुन पुण्य म्हणत बसलो, मी समद्यांत पुढं. डागदरानं बोट घालून बघितलं तवा कळलं, आतली गाठ दगडावानी झालीया, हाडात उतरलीया. मूतखडा न्हवं त्यो. आता पाणी न्हाई प्याले तर नळी तुंबतीया, ती वरड तुम्ही समद्यांनी ऐकलीया. आता ह्यास्नी पाणी पिऊ द्या आन घरला जावा. आन ज्येला रातचं सारखं उठाय लागतंय, त्येनं नेम घेऊ नये. बेळगावला जावं."

पद्मराजनं कपाळावर हात मारून घेतला. माणसं एकमेकांकडे न बघता उठली, चपला घातल्या आणि गेली. उपाध्ये जाताना तिच्यासमोर हात जोडून गेले, ते कशासाठी हे तिला कळलं नाही.

ती धनपालजवळ बसली, त्याची मान उचलली आणि तांब्या लावला. तो प्यायला. हावऱ्यासारखा प्यायला, अर्धं पाणी गळ्यावरून अंथरुणात गेलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "काय म्हंजे काय राखलं न्हाईस माझं."

"न्हाई राखलं," राजमती म्हणाली. तिचे डोळे आता कुठं वाहायला लागले. त्यानंतर तो तेरा दिवस जगला आणि रोज रात्री पाणी प्यायला. तिच्याशी मात्र एक शब्द बोलला नाही. ते तिनं सोसलं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ती रिकामा तांब्या घेऊन उठली तर सोप्यात अजून एक माणूस बसलेला होता. आण्णाप्पा. भिंतीशी तसाच टेकलेला, उपरणं मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. पहाटे भिंतीपलीकडच्या परसात कुणीतरी धोतर आपटतं, ते गेल्या चातुर्मासापासून तिच्या कानावर येत होतं. पण ते काय आहे हे तिच्या ध्यानात आत्ता आलं.

"वैनी," तो खाली बघून म्हणाला, "मलाबी वाईच पाणी दे. आन सकाळी पद्म्याला माझ्यासंगं धाड. मला त्यो दवाखाना ठावं न्हाई."

राजमतीनं हंड्याचं गाळणं सोडलं, तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तळ दिसेपर्यंत त्यानं तो खाली ठेवला नाही.